काश्यप गोत्राची टीम

जबलपूर, रविवार, संध्याकाळ

मागच्या रविवारी मिनी फोनवर म्हणाली, "नाना, मी आता मॅच बघत नाही. आपली टीम खतम." तेव्हापासून जिवाला चैन नाही. अमेरिकेतल्या या नातीशी मी बोलतो ते बेसबॉलमुळेच. नियम अजून अर्धेच कळतात, पण पहाटे उठून बघतो. एरवी "जेवली का?" विचारलं की "हो" म्हणते आणि फोन आईकडे देते. टीम अशीच हरत राहिली तर आमचं बोलणंही बंद होणार की काय?

म्हणून आज नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाऊन टीमसाठी नारळ चढवला. पंडितजींनी विचारलं, "किसके नाम से?"

"पूरी टीम के."

"गोत्र?"

आता त्या परदेशी पोरांचं गोत्र मी कुठून आणू? ज्याचं ठाऊक नाही त्याचं काश्यप, म्हणून पंडितजींनी सगळ्यांना काश्यप करून टाकलं. चालतं ना असं? की उगाच पाप लागेल? घरी ही म्हणाली, "काहून नर्मदामाईला त्रास देऊन राहिले तुम्ही?"

मघाशी मिनीला सांगितलं, तर पोरगी हसता हसता ठसकली. "आपला पिचर पण काश्यप?"

"सगळेच."

"मग नाना, नारळ कालच चढवायचा ना! नवव्या इनिंगमध्ये हरले."

बघत नाही म्हणते, मग नववी इनिंग हिला कशी ठाऊक? उद्या पहाटे बसणारच. हरले तरी शेवटपर्यंत बसेन, आणि तिला ठाऊक असलं तरी सगळं पुन्हा सांगेन.