गल्लीतला ट्रान्झिट देश

३ डिसेंबर
शी! पेपर उघडला की किळस येते. आखातात भांडणं यांची आणि इथं छावणी भागात सिलिंडरला रांगा आमच्या. महासत्ता कसल्या, सगळे साले चोर! ज्याच्या दारातून पाइप जातो तोच राजा, हे मी कट्ट्यावर कधीपासून सांगतोय. ऐकतो कोण?
संध्याकाळी गॅसलाइनवाले आले. माझ्या कंपाउंडमधून लाइन मागच्या चार घरांना न्यायचीय. सही मागितली. दिली नाही. आजपासून मी ट्रान्झिट देश. दुसऱ्यांचा गॅस माझ्या जमिनीतून जाणार, तो माझ्या अटींवर.

५ डिसेंबर
अटी पक्क्या. मागच्या घरातल्या काकासाहेबांनी ट्रॅक्टर माझ्या दारात लावायचा नाही. व्हॉल्व्ह माझ्या अंगणात, कुलूप माझं.
कालिंदी म्हणाली, लेक पहिल्या बाळंतपणाला येतेय, आपली चारुता. अंघोळी, शेक, डिंकाचे लाडू, हे सगळं एका सिलिंडरवर कसं भागायचं? मुकाट्यानं सही करा.
बायकोला परराष्ट्र धोरण कळत नाही.

८ डिसेंबर
काकासाहेब आले. ओट्यावर बसून तंबाखू मळत म्हणाले, नाना, लई ताणू नका, पोरगी यायलीय. आणि थुंकले माझ्या जास्वंदीत! ओकारीच आली. नवी अट: थुंकायचं नाही.
कालिंदी म्हणे, रशियानं मधले देश टाळून समुद्राखालून लाइन टाकली, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना? सांगितलं होतं. पण आमच्या गल्लीत समुद्र कुठाय?

१४ डिसेंबर
गॅसवाले मागं नाल्याकडून खणताहेत. घाण वास घरभर. नुसती हूल आहे. मी डगमगत नाही.

१९ डिसेंबर
मागच्या चारही घरांत गॅस आला. काकासाहेबांच्या आशाबाईंनी नव्या शेगडीवरच्या पुरणपोळ्या पाठवल्या. शिवलो नाही. (दोनच खाल्ल्या.)
गॅसवाला म्हणतो, आता तुम्हाला लाइन हवी तर काकासाहेबांच्या अंगणातून येईल, सही त्यांची. काकासाहेब म्हणे म्हणाले, व्हय, देतो की, नानांनी एक डाव ‘द्या’ म्हणावं फक्त. मी म्हणू? त्या थुंकणाऱ्या माणसाला? जमणार नाय! सिलिंडर बुक आहे. उद्या येईल.

२६ डिसेंबर
चारुता आली. सिलिंडर नाही आला. इंडक्शन आणलं तर लाइट गेली. थंडी मरणाची, अंघोळीला चार दिवस सुट्टी. कालिंदीनं माझ्याशी बोलणं बंद केलंय. यालाच निर्बंध म्हणतात. मोठे देश असल्याला भीक घालत नाहीत.

४ जानेवारी
नात झाली! आज दवाखान्यातून रिक्षा आली, माझ्या दारावरून सरळ पुढं गेली आणि काकासाहेबांच्या दारात थांबली. आशाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. जावई मिहिर सांगायला आला, बाबा, आई म्हणाल्या, बाळ-बाळंतीण इथंच राहतील, इथं पाणी तापतं.
अपमान गिळून गेलो. नात माझी आहे. उंबऱ्यातच कालिंदीनं नाक दाबलं. म्हणाली, असल्या अंगानं बाळाला हात लावायचा नाही, आधी अंघोळ करा, न्हाणीत पाणी काढलंय.
केली. पाणी कढत होतं. बाहेर आलो तर नात काकासाहेबांच्या मांडीवर झोपलेली.
कालिंदी म्हणाली, आता उठवू नका तिला. उद्या या.