पाळणा हलायच्या आधी

माय, काल मी आकाशपाळण्यात बसले. नांदेडच्या बाहेर मोठं पार्क झालंय, तिथं लेकानं सगळ्यांना नेलं. मी आधी नको नको म्हणून घेतलं, पण ते आपलं म्हणायचं म्हणून. गुडघ्यांना तेल मी आदल्या दिवशीच चोळून ठेवलं होतं. वर गेल्यावर अर्धापूरकडच्या केळीच्या बागा दिसल्या आणि मी अशी किंचाळले की शेजारी बसलेली नात पाळणा सोडून माझ्याकडंच बघायला लागली. खाली आले आणि परत रांगेत उभी राहिले. चौसष्टाव्या वर्षी मी दोनदा बसले.

पण सांगायचं ते वेगळंच आहे. पहिल्यांदा चढताना सुनेनं माझा हात धरला. लातूरची पोर, मायाळू आहे. म्हणाली, "आई, तुम्ही नका बसू बरं. तुमच्या आईला गरगरायचं म्हणता ना? असलं रक्तातच असतंय." मी म्हणाले, "मी वडलांवर गेलेय," आणि चढले. क्षणभरही अडखळले नाही. माय, तुला कधीच गरगरत नव्हतं. घरात हे फक्त दोघींना माहीत होतं, त्यातली एक तू.

लोह्याला मी शाळेत बाई म्हणून नुकतीच लागले होते आणि तुला गावाहून माझ्याकडं आणलं होतं. त्या वर्षी जत्रेत मी हेडमास्तरांच्या बायकोबरोबर बांगड्या बघत उभी आहे, आणि वळून बघते तर तू पाळण्यात. चपला मांडीवर, आडवी सळई दोन्ही हातांनी धरलेली, आणि तोंड असं फुललेलं की क्षणभर मी ओळखलंच नाही. "तुमच्या आई का त्या?" त्यांनी विचारलं. त्यात कुचकं काही नव्हतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडील जाऊन दोन वर्षं झालेली, भोवती माझ्या वर्गातली पोरं, त्यांचे आईबाप, आणि शाळेतल्या बाईंची म्हातारी पाळण्यात! मी तरातरा गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माय, उतर खाली. या वयात शोभतं का? लोक हसायलेत." हसत कुणीच नव्हतं.

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. पाळणेवाल्याला म्हणालीस, "थांब बाबा, उतरते मी. पोरगी शाळंवर बाई हाय माझी." त्यातही तुला कौतुकच होतं. आणि खाली उतरून हेडमास्तरांच्या बायकोला म्हणालीस, "लई गरगरायलं बघा, म्हणून उतरले. पोरीला काळजी वाटली." पाळणा अजून हललाही नव्हता, माय. त्या बाईंनाही ते दिसत होतं, पण त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर तूच ते धरून बसलीस. दर जत्रेत आम्ही वर, तू खाली, सगळ्यांच्या चपला सांभाळत. लेक लहान असताना तुझा पदर ओढायचा, "चल ना आजी." तू म्हणायचीस, "न्हाई रे राजा, मला सोसत न्हाई." बोलताना मान मात्र वर, पाळण्याबरोबर फिरणारी. मी एकदा तरी म्हणायचं होतं, माय, चल, मी बसते तुझ्याशेजारी. सुरुवातीला लाज वाटायची म्हणून म्हटलं नाही. पुढं पुढं तर मलाच खरं वाटायला लागलं. तू गेल्यावर मीच सगळ्यांना सांगत फिरले, आमच्या मायला गरगरायचं. वर्गात पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या, ते वेगळंच.

काल वर असताना तू आठवली असतीस तर निदान बरं वाटलं असतं. नाही आठवलीस. मी मजेत होते. दुसऱ्यांदा उतरताना सुनेनं माझ्या चपला पुढं सरकवल्या, तेव्हा आठवलीस.

तुला वाचता येत नव्हतं. तेव्हा हे तुझ्यासाठी लिहितेय हेही काही खरं नाही. हे सुनेला द्यायचं, असं सकाळी ठरवून बसले होते. तोंडानं सांगायला जमणार नाही, निदान वाचेल तरी. आत्ता ती स्वयंपाकघरातून हाक मारतेय, "आई, चहा झाला. आज गरगरत नाही ना?" मी "नाही गं" म्हणाले, आणि हा कागद आता गादीखाली सरकवतेय.