शेपूची जुडी

धाकटे,

घर रिकामं बघून घाबरू नकोस. मी मोठी पिशवी घेऊन मैदानावरच्या शेतकऱ्यांच्या बाजारात गेलेय. सकाळी एकदा जाऊन आले, पण मन भरलं नाही.

त्या तापापासून मला कशाचाच वास येत नव्हता, तुला ठाऊकच आहे. आज भाज्यांच्या ढिगांमधून चालले होते आणि एकदम नाकात काहीतरी शिरलं. शेपू! एवढ्या महिन्यांनी पहिला वास आला, तोही तुझ्या नावडत्या शेपूचा. मी जुडी नाकाला लावून उभीच राहिले. भाजीवाली म्हणाली, "मावशी, घेणार की नुसतीच हुंगणार?" मी पटकन पैसे काढून दिले. मग कोथिंबीर आली, पेरू आले, मुळ्यांना चिकटलेली ओली माती आली. एकेक करून सगळे परत आले. अगं, मातीला एवढा वास असतो?

जुडी टेबलावर पाण्यात ठेवलीय. खुशाल नाक मुरड, पण फेकू नकोस.

त्या दिवशी दूध उतू जाऊन शेगडी विझली, घरभर गॅस पसरला आणि मी तिथेच पेपर वाचत बसले होते. तेव्हापासून तू शेगडीची बटणं पर्समध्ये घालून कामावर जातेस. मी कधी चकार शब्द काढला नाही. तुझं बरोबरच होतं.

आता ती बटणं काढ आणि जागेवर लाव. संध्याकाळचा चहा मी करणार आहे, आणि तू आतल्या खोलीत बसायचंस.

ताई