‘काम’ या शब्दाचे खोके कोणाला द्यावे याविषयी

मी, छापखान्यात एकतीस वर्षे अक्षरांचे खिळे जुळवलेली आणि त्याहून जास्त वर्षे गेटसभांत घसा कोरडा केलेली बाई, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसे लिहून दिले आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारे बहुतेक माझ्या आधीच गेले.

कलम एक. राहती खोली, सामान आणि बँकेतली पुंजी माझ्या मुलीची. पुस्तके विकू नयेत. विकलीच तर निदान वाचणाऱ्याला विकावीत.

कलम दोन. जुळणीची स्टिक, म्हणजे खिळ्यांची ओळ लावायची लोखंडी पट्टी, आणि चिमटा जावयांना. “सासूबाई, याचं मी काय करू?” असे त्यांनी विचारले होते. काही करू नये. हातात धरून वजन बघावे.

कलम तीन. माझ्या शोकसभेत कोणीही पाच मिनिटांहून जास्त बोलू नये. मी तासभर बोलायचे, पण ते मला जमायचे.

कलम चार. खाटेखालचे पत्र्याचे खोके माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे भाऊजींना. ते आमच्याच छापखान्यात मुद्रितशोधक होते. युरोपातल्या भाषांत ‘काम’ याला काय म्हणतात आणि ते शब्द कुठून आले, याची चिठोरी त्यात आहेत. फ्रेंचांचा शब्द तीन खुंटांच्या छळसाधनावरून आला, असे बरेच पंडित मानतात. रशियनांचा गुलामाच्या नावातून. आजचे ग्रीक रोजच्या कामाला जो शब्द वापरतात, तो गुलामीचाच. हंगेरियनांनी स्लाव शेजाऱ्यांकडून यातनेचा शब्द उचलला आणि कामाला लावला. जर्मनांच्या शब्दाचाही जुना अर्थ हालअपेष्टा.

मालकांनी केलेल्या टाळेबंदीत छापखान्याच्या गेटसमोर मी हे सगळे सांगितले आणि म्हणाले, “अख्ख्या युरोपात कामाच्या मुळाशी छळ आहे.”

गर्दीतून भाऊजी म्हणाले, “वहिनी, इंग्रजांचा शब्द राहिला. जुन्या ग्रीकांचाही. दोन्ही एकाच मुळाचे, अर्थ नुसता ‘करणं’. ते चिठोरं मीच तुम्हाला दिलं होतं.”

दिले होते. मी ते मुद्दाम घरी ठेवले होते. तरी माइकवरून म्हणाले, “साहेबांच्या केबिनशेजारी पंख्याखाली बसणाऱ्याला ‘करणं’ गोडच लागणार.” लोक हसले. त्याला पंचवीस वर्षे झाली. भाऊजींनी तेव्हापासून माझा जिना चढलेला नाही.

टाळेबंदी अन्याय होती. त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण काम म्हणजेच छळ, हे माझ्यापुरते खोटे होते. ओळ नीट बसली की माझे हात खूश व्हायचे. छळ मजुरीत होता, जुळणीत नव्हता.

भाऊजींनी खोके नाकारले तर मुलीने ते सांभाळावे. एकही चिठोरे काढू नये.

कलम पाच. इथपर्यंतचा मसुदा मी मुलीच्या हाती भाऊजींकडे तपासायला पाठवला. दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने त्यांच्याकडे जाता येईना. तिसऱ्या दिवशी परत आला. लाल शाईत ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका, आणि कलम चारच्या समासात, मजकूर गळला की ते करतात ती खूण. शेजारी लिहिले होते, “एक वाक्य गळले आहे. मूळ प्रत पाहावी.”

मूळ प्रत मीच. पाहिली. गळलेले वाक्य असे: भाऊजी, तुमचे बरोबर होते, आणि भर सभेत मी तुमचा अपमान केला, मला माफ करा.

वकील म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. भाऊजी आज जिना चढून आले, समोरच्या खुर्चीत बसले आहेत, पण म्हणून साक्षीला त्यांची सही नाही.

लिहून देणार: खिळे जुळारी (सही)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही) २. तळमजल्यावरचे शिंपी (सही)
स्थळ: माझी खोली, तिसरा मजला
दिनांक: अकरा, सोमवार, दुपारी चार

(समासात, लाल शाईत) वाचून पाहिले. छापायला हरकत नाही.