माझं कडवं रेडिओवर

३ मार्च
अखेर अटलांटाला माझी आठवण झाली! यंग बॅरिस्टर नावाच्या सध्या गाजणाऱ्या रॅपरच्या माणसाचा फोन आला. त्याच्या नव्या गाण्यात पाहुणा म्हणून एक कडवं म्हणाल का, विचारत होता. शहराचा जुना आवाज हवाय म्हणे. उतावीळपणा दाखवायचा नाही असं ठरवलं होतं, पण त्याचं वाक्य संपायच्या आत मी तीनदा हो म्हणून बसलो.

आईला कळवलं. माझ्या रॅपला तिने आजवर बडबडीशिवाय दुसरं नाव दिलेलं नाही. या वेळी म्हणाली, रेडिओवर लागलं तर ऐकेन. बस! मला जन्मात तेवढंच हवं होतं.

संकल्प: एकही शिवी नाही.

५ मार्च
कडवं तयार. विषय: कष्ट, माया, आईच्या हातचं जेवण. बायकोला, लॅट्रीसला, ऐकवलं. म्हणाली, छान आहे, आता झोपू का? म्हणजे मनाला शांती मिळाली तिच्या.

८ मार्च
स्टुडिओ. सगळी पोरं मला काका म्हणत होती. बॅरिस्टरचं वय माझ्या जुन्या बुटांएवढं. कडवं ऐकून म्हणाला, काका, झकास, पण हे चर्चच्या बालवर्गात शिकवा. सगळे खिदळले. माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे नवं कडवं लिहायला घेतलं. एक शिवी घातली, चवीपुरती. मग हात थांबेचना.

कडवं म्हणून संपवलं तर पोरं चक्क उभी राहिली! रेकॉर्डिंग करणारी टमिका तेवढी म्हणाली, काका, रेडिओवाले शिव्या पुसतात, त्यांच्यासाठी एक सोवळं कडवंही म्हणून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. मी तिला सुनावलं, खरा कलावंत आपला शब्द फिरवत नाही. काय वाक्य होतं!

१९ मार्च
शाळेची बस चालवायची नोकरी सोडली. गेन्स साहेब म्हणाले, कॉर्नेलियस, निदान सुट्टी लागेपर्यंत तरी थांब की बाबा. पण मी आता बॅरिस्टरबरोबर दौऱ्यावर निघणार. अजून कोणी बोलावलेलं नाही, पण बोलावतीलच. लॅट्रीस भांडी फार आपटत होती. अभिमानाने असावं.

११ एप्रिल
गाणं सुसाट सुटलंय. गाड्यांत, न्हाव्याकडे, जिकडे तिकडे तेच. रविवारी दुपारी रेडिओवर लागणार. आईने रेव्हरंड पिटमन आणि चर्चमधल्या यच्चयावत बायकांना जेवायला बोलावलंय. आणि आत्ता मला त्या शिव्या आठवल्या.

संध्याकाळी: छे! रेडिओवाले पुसतातच की. उगीच घाबरलो.

१३ एप्रिल, रविवार
तळलेली कोंबडी, पालेभाजी, मक्याचा पाव. आईने चर्चची निळी हॅट डोक्यावर तशीच ठेवलेली. बॅरिस्टरचं कडवं संपलं. आईने सगळ्यांना गप्प केलं. मग ठेका. नुसता ठेका. मग माझ्या आवाजात 'आणि'. ठेका. 'तुझ्या'. बराच वेळ ठेका. शेवटी, खणखणीत, 'मंगळवारी'.

आईने रेडिओला दोन चापट्या मारल्या. रेव्हरंडनी विचारलं, कॉर्नेलियस, तुझं कधी येणार? कोणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. आई म्हणाली, मंगळवारी छान म्हटलंस हो बाळा, आणि माझ्या ताटात कोंबडीचा मोठा तुकडा वाढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, मग परत धुतलं.

२८ एप्रिल
बॅरिस्टरची माणसं फोन उचलत नाहीत. दौऱ्याच्या गडबडीत असतील. गेन्स साहेबांनी बस परत दिली. घेतली. तात्पुरती.

५ मे
सकाळच्या फेरीला मागच्या बाकावरून पोरांनी आपलं गाणं सुरू केलं. बघता बघता सगळी बस टाळ्या पिटत गायला लागली, शब्द न् शब्द पाठ! आता माझं कडवं येणार. मी आरसा नीट केला, ताठ बसलो. आणि सगळी पोरं एकदम गप्प झाली. नुसत्या माना डोलावत राहिली, रेडिओवर ऐकलं तसं, तंतोतंत. इतक्या वर्षांत माझी बस इतकी शांत कधीच नव्हती.