निवेदिकेच्या खांद्यामागे बेलापूर

२० एप्रिल
ठरलं. मांडव घालणं हे पोटासाठी. आपला खरा पिंड हवामानाचा. आज टीव्हीवर एक रिपोर्टर रेनकोट घालून वादळात तिरपा उभा राहून ओरडत होता. मागून एक म्हातारा सायकलवरून निवांत गेला, पण तरी काय तो थरार! बेलापुरात हे काम करणारं कोणी नाही. जागा रिकामी आहे.

सत्यशीलाला सांगितलं. म्हणाली, आधी दादाच्या मांडवाचं बघा. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ रामहरी. चार मेला त्याच्या मुलीचं, दिशाचं लग्न, बेलापुरातल्या त्याच्या वस्तीवरच. बायकोची माहेरी मान ताठ राहावी म्हणून खास नवं छत शिवून घेतलंय. त्यावर ‘कानिफनाथ मंडप डेकोरेटर्स, बेलापूर’ मी स्वतः छापून घेतलं. अक्षरं पुरुषभर उंच. कानिफनाथ म्हणजे मीच. माणसाचं नाव दिसलं पाहिजे.

२३ एप्रिल
सुनीलला फोन. शाळेतला दोस्त, आता नगरला एका न्यूज चॅनलचं काम करतो. वादळाचा चांगला व्हिडिओ दे, तुझं नाव स्क्रीनवर टाकतो म्हणाला. पुढे झाडाखाली थांबू नको, विजेचं असं असतं, तसं असतं, बरंच काही सांगत होता. मला तोवर स्क्रीन दिसायला लागली होती.

२५ एप्रिल
प्रॅक्टिस. अंगणात मांडवाचा मोठा पंखा फुल स्पीडवर लावला. समोर मी, छत्री आणि माईक म्हणून लाटणं. सत्यशीलाला सांगितलं, अंगावर पाणी शिंपड. तिने आधी एक तांब्या शिंपडला, मग अख्खी बादलीच तोंडावर रिकामी केली. तिलाही विषयाची गोडी लागतेय. छत्री गेली.

२८ एप्रिल
सर्दी. फील्डवर्क रद्द. पडल्या पडल्या परदेशातले व्हिडिओ पाहिले. तिकडे वादळाच्या मागे लागायला लोखंडी गाड्या असतात. आपल्याकडे टेम्पो आहे, त्याचा वायपर चालत नाही. संकल्प : वायपर दुरुस्त करणे. एका व्हिडिओत माणसाने स्वतःला दोराने बांधून घेतलं होतं. ही आयडिया आपल्याला जमण्यासारखी. दोर आपल्याकडे ढीगभर.

२ मे
मांडव उभा राहिला. रामहरी खूश. “दाजी, नाव लई भारी दिसतंय,” म्हणाला. रस्त्यावरून वाचता येतं.

रात्री बातम्यांत उद्याचा इशारा. जिल्ह्याच्या उत्तर भागात वादळी वारा, गारा, विजा. नकाशावर कोपरगाव लालभडक. बेलापूर नेमकं निवेदिकेच्या खांद्यामागे येतं, दिसलं नाही. म्हणजे आपल्याकडे काही नाही. सत्यशीला म्हणाली, ती बाई बाजूला झाल्यावर बघा की. बाई शेवटपर्यंत बाजूला झाली नाही. मी अंदाजाने बोलत नाही, दिसतं ते बोलतो.

३ मे, सकाळी
निघालो कोपरगावला. जाताना वस्तीवर जाऊन मांडवाचे चार जाड ताणाचे दोर सोडून घेतले. वादळ कोपरगावला, मग दोर बेलापुरात कशाला? सत्यशीलाला बोललो नाही. आज हळद आहे, तिला कामं आहेत. वायपर राहिला.

३ मे, संध्याकाळी
बनुबाईंच्या गोठ्यात बसून लिहितोय. शेजारी शेळ्या.

गोदावरीच्या काठाला एकटं लिंबाचं झाड बघितलं आणि स्वतःला त्याला बांधून घेतलं. चारही दोर, मांडवाची गाठ. वारा सुटला, धूळ उडाली. मी तिरपा होऊन बोलायला सुरुवात केली आणि आभाळ कडाडलं. तेवढ्यात या बनुबाई शेळ्या हाकत आल्या. ओरडल्या, “आरं मुडद्या, झाडाला बांधून घेतलंस व्हय? ईज पडली तर कोळसा हुशील!” मी सोडायला गेलो, गाठ सुटेना. आमची गाठ सुटत नाही, असं गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. खरं निघालं. शेवटी बाईंनी विळ्याने दोर कापले आणि मला कॉलर धरून गोठ्यात आणलं.

इथे पाऊस चार थेंब. व्हिडिओत फक्त शेळ्या आल्यात. बेलापूरच्या बाजूला मात्र आभाळ काळंकुट्ट आहे. रामहरीचा फोन लागत नाही. सत्यशीलाचाही नाही.

४ मे
सुनीलने शब्द पाळला. नाव स्क्रीनवर आलं. परतीच्या वाटेवर टपरीतल्या टीव्हीवर बघितलं.

व्हिडिओ कुणा पाहुण्याचा. आख्खं छत आभाळात, माझं नाव उसाच्या फडावरून तरंगत चाललंय. चॅनलने त्याभोवती लाल गोल काढला होता. गरज नव्हती. खाली पट्टी : ‘वाऱ्याने मांडव उडाला, मालक दोरांसह बेपत्ता’.

पण त्याआधीचा तुकडा त्यांनी स्लो करून पुन्हा पुन्हा दाखवला. सगळ्यांना घरात पिटाळून एक बाई मांडवाचा कोपरा दोन्ही हातांनी धरून उभी आहे. जिथे माझा दोर असायला हवा होता, तिथे. वाऱ्याने ती हातभर उचलली गेली, मग हात सुटले. साडी मी ओळखली.

तिच्या दोन्ही तळव्यांची सालं निघालीत. बाकी कुणाला काही नाही. लग्न मारुतीच्या देवळात वेळेवर लागलं. मी कोपऱ्यात उभा होतो. रामहरी आला. “दाजी, जेवून जा,” एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर घास तरी गिळला असता.

५ मे
सुनीलचा फोन. चॅनलला मुलाखत हवी. शर्ट इस्त्री करायला घेतला. तर म्हणाला, तुझी नको, वहिनींची. तिने दिली. दोर का नव्हते, असं विचारलं. “मालक घेऊन गेल्ते,” म्हणाली. कुठं? “त्यास्नीच इचारा.” मला कुणी विचारलं नाही.

७ मे
भाकऱ्या मी थापतोय. नकाशासारख्या होतात. तिच्या हाताला पट्ट्या आहेत, म्हणून तिला भरवावं लागतं.

आज जेवताना बातम्या लागल्या. निवेदिका नकाशाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. सत्यशीला घास थांबवून त्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, “आज दिसतंय बघा.”

बेलापूर तिथेच होतं.