सात पावलं सोडून

४ नोव्हेंबर
पुण्याहून सानगडीला पोचलो. जीआयएसचा पंधरा दिवसांचा कोर्स, हातात कोरं करकरीत जीपीएस, आणि गावोगावचे तलाव नकाशावर चढवायचं काम. मजा आहे! घरमालकीण मालनबाईंनी चहा दिला आणि विचारलं, मोबाईलात नकाशा असतेच, मंग तुमाले कायले धाडलं? तरी समजावलं: विहीर म्हणजे पॉइंट, रस्ता म्हणजे लाइन, तलाव म्हणजे पॉलिगॉन, चारी बाजूंनी बंद आकृती. बरं बापा, म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या. गाढवापुढे वाचली गीता.

६ नोव्हेंबर
गावामागची बोडी, म्हणजे लहान तलाव, मोजायला गेलो. सोबत तिथं मासे धरणारा बुधराम. चिखलात कोण फिरणार, म्हणून यंत्र त्याच्या हातात दिलं आणि मी मोहाच्या सावलीत बसलो. पठ्ठ्या काठाकाठानं जवळजवळ सगळा फिरला. सुरुवातीची जागा सात पावलांवर राहिली आणि तिथून वळला. ती सात पावलं टाळायला अख्खी बोडी उलटी चालत आला! म्हणे, बोडीचा फेरा पुरा करत नसतेत, पुरा करते तो आतला होते. काय एकेक डोकी आहेत!

७ नोव्हेंबर
खोलीत बसून यंत्रातली परतीची रेष पुसली आणि बुधराम वळला ते टोक पहिल्याला जोडलं. एक क्लिक, झालं पॉलिगॉन. मुद्दाम बुधरामला दाखवायला गेलो. कोणं जोडलं, एवढंच त्यानं विचारलं. मी छाती काढून सांगितलं, मी. त्यानं जाळं गुंडाळलं आणि गेला. अडाणी तो अडाणी, वर तोरा किती!

९ नोव्हेंबर
यंत्र भंगार आहे. मी खोलीत, आणि माझा निळा ठिपका बोडीच्या मधोमध. मोबाईलवरही तेच. साकोलीला जाऊन आलो, तरी ठिपका हलला नाही. ऑफिसातल्या मनिषला फोन केला, तर तो उपग्रहांवर ढकलून मोकळा. बिनडोक!

१० नोव्हेंबर
बुधराम स्वतः आला. आजच्या आज पायी उलटा फेरा मार, सात पावलं सोड, म्हणाला. मी? गावासमोर, चिखलात? हाकलून दिलं. घशाशी सारखं गढूळ पाणी येतंय. मालनबाईंनी फरशी तीनदा पुसली. ओली पावलं माझी आहेत. मी तर पाण्याजवळ गेलोच नाही.

११ नोव्हेंबर
शेवटचा पॉइंट पुसला. पॉलिगॉन आपोआप बंद झालं. होणारच. पॉलिगॉन उघडं राहत नाही, पहिल्या दिवशीचा धडा. मीच सगळ्यांना— फाइलच उडवली. ठिपका तिथंच.
मालनबाई शेजारणीला विचारत होत्या, पुण्याचा पोरगा कोठी गेला. मी समोर उभा होतो.
भीती वाटते. लिहितो आता, भीती वाटते.

१२ नोव्हेंबर
सकाळपासून उलटा चालतोय. मोहाचं झाड येतं, पुन्हा येतं. सोडायची सात पावलं कुठली— सगळीकडे काठ जोडलेला—

दुपार
पान भिजतंय. वर बुधराम दिसतो. हाका मारल्या, नुसते बुडबुडे—
बुधरामभाऊ, चुकलो हो. सात नको, एकच पाऊल उघडं—